दोघींचं पान

आमच्या शाळेत ‘सांगाती’ आलं, तेव्हा गावात सगळ्यात आधी बेकार कोण झालं असेल तर मी. तसं ग्रंथपाल हे पद जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला कधीच नव्हतं. मी तिसरीची वर्गशिक्षिका, सुप्रिया मगदूम. पण पुस्तकांच्या दोन कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या, आणि कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं हे मी पोराचं तोंड बघून ठरवायचे. भांडून आलेल्याला प्राण्यांचं, तापातून उठलेल्याला चित्रांचं, फार शहाणपणा करणाऱ्याला कोड्यांचं. माझा नेम दर वेळी बसायचाच असं नाही. निम्मी पुस्तकं दुसऱ्या दिवशी परत यायची आणि मग ‘का नाही आवडलं?’ यावर माझं आणि त्या पोराचं चांगलं वाजायचं. मला ते भांडण मनापासून आवडायचं.

सांगातीला भांडावं लागत नाही. पाटीएवढा पडदा, खाली लाकडी स्टँड, आणि वरच्या कडेला दोन बारीक कॅमेरे. हे कॅमेरे वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांकडे बघत असतात. ते का, हे मी मुलांना सांगितलं तसंच इथे सांगते. वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ घसरत जात नाहीत, बेडकासारखे उड्या मारत जातात. एका शब्दावर टेकले की तिथून पुढच्यावर. शब्द अवघड असला तर जास्त वेळ टेकतात, अर्थ निसटला तर मागे उडी घेतात. आणि गोष्टीत जीव गुंतला की डोळ्यातली बाहुली किंचित रुंदावते. ते आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

थोडे दिवस असं बघितलं की सांगाती त्या मुलाचा एक ठसा तयार करतं. अंगठ्याचा असतो तसाच हा वाचण्याचा, एकाचा दुसऱ्यासारखा नाही. मग आपल्या पोटातली हजारो पुस्तकं ते या ठशावर घासून बघतं आणि हे मूल कोणतं पुस्तक कुठल्या पानावर टाकून देईल ते आधीच ओळखतं. जे टाकणार नाही तेवढंच सुचवतं. पान उलटायला बोटसुद्धा लागत नाही. तुमचं वाचून झालं असणार, हे ठशावरून ओळखून पान आपलं आपण उलटतं. आपण होऊन पुढे किंवा मागे जायचं असेल तर मात्र बोट लावावं लागतं.

एवढं मात्र कबूल करायला हवं, की पोरं वाचायला लागली. पुस्तकं परत येईनात. पण वर्गात तीस पोरं आणि तीस वेगळी पुस्तकं. मधल्या सुट्टीत ‘पुढं काय झालं रे?’ असं कुणी कुणाला विचारीना, कारण दुसऱ्याच्या गोष्टीतलं कुणालाच काही ठाऊक नसायचं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “काय शिस्त आहे हो बाई तुमच्या वर्गाला!” मी हसले. हसण्यावाचून करणार काय? मीही संध्याकाळी घरी जाऊन माझ्या एकटीसाठी टीव्हीनं निवडून ठेवलेली मालिका बघतच होते. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. टीव्हीला माझी आवड जेवढी कळते तेवढी माझ्या सख्ख्या भावालाही कळत नाही. पण मालिका संपली की तिच्याबद्दल बोलायला माणूस नसतं.

अशात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. तोडणीची यंत्रं येऊन बरीच वर्षं झाली, तरी ओढ्याकाठचा आणि ओल्या रानातला ऊस अजून माणसालाच तोडावा लागतो. टोळीतल्या एका जोडप्याची मुलगी माझ्या वर्गात आली. वैजंती राठोड. तांड्यावरची पोर, घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी. मराठी तिला येत होती, पण परक्या घरात पाऊल टाकावं तशी ती बिचकत बोलायची.

सांगातीनं तिला दारातच अडवलं. तिचं नाव तांड्यावरच्या शाळेच्या पटावर होतं, म्हणून ते इथे तिचा ठसा घ्यायला तयार होईना. एका मुलाचं नाव एकाच शाळेत आणि एका मुलाचा ठसा एकच, असा त्याचा नियम. मी वरती दोनदा फोन केला. ‘बघतो’ म्हणाले. आमच्याकडे अशा अडचणीवर एकच इलाज असतो. एस.टी.त चालतो, पंगतीत चालतो, वर्गातही चालतो. मी म्हटलं, “आर्वी, जरा सरकून बस गं. हिला घे शेजारी.”

आर्वी खोत म्हणजे वर्गातली सगळ्यात घाईची पोर. आईबाप दोघंही कारखान्यात, त्यांच्या पाळ्या उलटसुलट, त्यामुळे कुलपाची किल्ली हिच्याच गळ्यात. ती भराभर वाचायची आणि अर्ध्यावर सोडायची. सांगातीलाही तिच्यासाठी पुस्तक शोधताना दमछाक होत होती. मैत्रीण म्हणावी अशी तिला कुणी नव्हती. घाईच्या माणसाजवळ कोण थांबणार?

सांगाती येण्याआधी आमच्या शाळेत जोडीनं वाचायची पद्धत होती. पुस्तकं कमी, पोरं जास्त, म्हणून एका पुस्तकावर दोन डोकी. ज्याचं पान वाचून होईल त्यानं शेवटच्या शब्दावर बोट ठेवायचं. दोन बोटं आली की मगच पान उलटायचं. या दोघी पडद्यासमोर तेच करायला लागल्या. आर्वीचं बोट आधी यायचं, आणि बोट तसंच टेकवून ठेवलं की पान हलत नसे. मग वैजंतीचं वाचन सुरू व्हायचं, ओठ हलवत, एकेक शब्द चाचपत.

“मिठागर म्हंजी काय गं?”

“मिठाचं शेत.”

“मिठाचं कुठं शेत आसतंय व्हय! खोटं नको सांगूस.”

“बाईंना इचार. मीठ काय झाडाला लागतंय?”

मग दोघी खुसखुसायच्या. ‘मिठागरातला हत्ती’ नावाची ती चांगली जाडजूड कादंबरी. तिसरीतल्या पोरांना मी ती कधी दिली नसती. सांगातीनंच सुचवली होती. कॅमेऱ्यापुढे दोन जोड्या डोळे आहेत हे त्याच्या गावीच नव्हतं. एका स्टँडवर एक मूल, हे धरूनच ते बनवलेलं. त्याला एवढंच दिसत होतं, की आर्वी खोत नावाची मुलगी प्रत्येक पान आधी झरझर वाचते, पुन्हा वर येते, मग तेच पान सावकाश, शब्दाशब्दाला थांबत वाचते, आणि अवघड शब्दावर तिच्या बाहुल्या मोठ्या होतात. असा वाचक त्यानं उभ्या तालुक्यात बघितला नव्हता. महिन्याच्या अहवालात आर्वीच्या नावापुढे लिहून आलं, ‘अत्यंत सखोल वाचन’. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. मी गप्प बसले, कारण खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी वैजंती स्टँडवरून उठली असती.

हत्ती वाचून संपेपर्यंत बोट टेकायची गरजही राहिली नाही. सांगाती दोघींसाठी थांबायला शिकलं. आर्वीचं होऊन वैजंतीचं होईपर्यंत पान हलायचं नाही, वैजंतीचं झालं की उलटायचं. सबंध वर्गात तेवढ्या एका स्टँडपाशी आवाज असायचा. मी मुद्दाम माझी खुर्ची तिकडे ओढून घेतली होती.

उन्हं तापली आणि कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला. एका सकाळी खोपी मोडल्या, ट्रॅक्टर भरले आणि टोळी निघूनही गेली. वैजंतीला शाळेत येऊन सांगायलाही वेळ मिळाला नाही. त्या लोकांचं जाणं असंच असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आर्वी पडद्यापुढे नुसती बसून असते. डोळे पानाच्या शेवटी, हात मांडीवर, आणि पान हलत नाही. मी जवळ गेले.

“काय गं, अडलीस कुठं?”

“न्हाई बाई. माझं झालंय.”

“मग पुढं जा की. बोट लाव.”

“तिचं व्हायचंय अजून,” आर्वी म्हणाली. जणू वैजंती शेजारीच बसली होती आणि मलाच दिसत नव्हती.

मी तिच्या शेजारी बसले. पडद्यावर पान तसंच होतं. आर्वी हळूच म्हणाली, “आता ती ‘उत्सुकता’वर अडलीया. तिला त्ये जोडाक्षर येत न्हाई.” आणखी थोडा वेळ गेला. “आता सुटली.” आणि खरंच, थोड्या वेळानं पान उलटलं.

सांगातीच्या पोटात वैजंती राहून गेली होती. तिचं अडखळणं, तिचं थांबणं, हसून पुन्हा ओळ शोधणं, सगळं त्या ठशात बसलं होतं. बाकी तिचं गावात काही उरलं नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. आर्वी रोज येऊन तिच्या वेगानं पुस्तक वाचत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मी टीव्ही लावला नाही.

पण हे फार दिवस चालणार नव्हतं. सखोल वाचणाऱ्या मुलीचे डोळे आता पानाच्या तळाशी नुसते थांबून राहतात, हे वरच्यांना दिसलं. ‘ठसा बिघडला आहे, पुसून नव्यानं घ्यावा’ असा निरोप आला, आणि पाठोपाठ जिल्ह्याच्या सांगाती केंद्रातून समीना मुजावर आली. तिशीतली, हुशार मुलगी. तिनं ठसा उघडून बघितला आणि माझ्याकडे वळली.

“बाई, या स्टँडवर एकटी आर्वी बसत नव्हती ना?”

मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती पडद्यावरच्या ठशावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, “आमच्याकडं असा जोडठसा कुणी बघितलाच नाही. एका स्टँडवर दोघं बसतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.”

“मग तसाच राहू दे ना.”

“राहणार नाही. माझ्या हातून नाही पुसला तर बिघडलेला म्हणून वर्ष संपताना आपोआप पुसला जाईल. पण बाई, एक करता येईल. वजाबाकी.”

तिनं समजावलं ते असं. आर्वीचा एकटीचा ठसा नव्यानं घ्यायचा. जोडठशातून तो वजा केला, की उरेल तो वैजंतीचा. तांड्यावरच्या शाळेतही सांगाती होतं, पण वैजंती वर्षातले निम्मे महिने बाहेर, त्यामुळे तिचा ठसा तिथे कधी तयारच झाला नव्हता. अशा मुलांना ते सरळ अक्षरओळखीवर बसवतं. हत्तीची सबंध कादंबरी वाचलेली पोर तिथे ‘क कमळाचा’ गिरवत बसली असणार. तिचा ठसा तिला मिळाला, तर पान तिच्यासाठी थांबेल आणि पुस्तकंही तिच्या जोगी येतील.

“मात्र एक अट आहे,” समीना म्हणाली. “आर्वीनं एकटीचं वाचन अगदी एकटीसारखं करायला हवं. ती मैत्रिणीची वाट बघत थांबली, तर ते थांबणं आर्वीच्याच ठशात जमा होणार. आणि तेवढं वैजंतीच्या वाट्यातून जाणार.”

“म्हणजे तिनं वैजंतीला विसरून वाचायचं?”

“वाचण्यापुरतं, हो.”

“आणि नंतर इथलं पान?”

“थांबणार नाही. एका मुलाचा एकच ठसा. ते माझ्या हातात नाही, बाई.”

आठ वर्षांच्या पोरीपुढे हे ठेवावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. न सांगता उरकता आलं असतं. मग वाटलं, जिचं आहे तिला विचारल्याशिवाय काढून घ्यायला आपण कोण? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आर्वीला जवळ बसवलं आणि वजाबाकी हातच्यासकट समजावली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मग हितलं पान लगीच उलटणार?”

“हो.”

“आणि तिथं तिच्यासाठी थांबणार?”

“हो.”

आर्वीनं गळ्यातली किल्ली तोंडात धरली, बराच वेळ चावली. मग म्हणाली, “घ्या मग माझा.”

ते दिवस मी विसरायचे नाही. ही घाईची पोर, तिला पूर्वीसारखी घाई करून दाखवायची होती, आणि आता तेच तिला जमेना. ओठ घट्ट मिटून ती वाचायची, पान संपलं की चटकन बोट लावायची, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळायची. एकदा ‘ज्वालामुखी’ हा शब्द आला आणि ती नकळत थांबली. लगेच तिनं आपल्याच हातावर एक चापट मारली आणि पुढची ओळ धरली. मी खडू आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

समीनानं वजाबाकी केली. उरलेला ठसा तांड्यावरच्या शाळेत पोचला. तिथल्या दराडे गुरुजींशी मी फोनवर बोलले होते. माणूस मोकळा. थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन आला.

“बाई, तुमची पोरगी सुसाट सुटली हो! आल्यापासून तोंड मिटून बसली व्हती. आता एक झालं की दुसरं, एक झालं की दुसरं. हत्तीचा दुसरा भाग मागायलीय. मी म्हणलं, अगं, दुसरा भाग निघालाच नाही!”

“बरं वाटलं गुरुजी. अजून काही म्हणाली का?”

“अजून काय म्हणणार? तिला बोलायलाच सवड नाही!” गुरुजी मोठ्यानं हसले.

आनंदाचीच बातमी होती. मी वर्गात येऊन ती आर्वीला जशीच्या तशी सांगितली. हत्तीचा दुसरा भाग ऐकून ती हसली. मग तिनं विचारलं, “तिनं माझं इचारलं का, बाई?”

‘विचारलं’ म्हणायला माझं काय जात होतं? शब्द अगदी जिभेवर आला होता. पण ही पोर माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून एवढं सगळं देऊन बसली होती.

“नाही गं,” मी म्हटलं. “वाचायच्या नादात राहिलं असेल.”

“मग चांगलंय की,” आर्वी म्हणाली आणि आपल्या स्टँडवर जाऊन बसली.

सांगातीनं तिच्यासाठी नवीन पुस्तक काढून ठेवलं होतं, समुद्रातल्या वादळाचं, भराभर वाचणाऱ्याला आवडेल असं. तिच्या एकटीच्या ठशावर ते अगदी चपखल बसत होतं. तिनं पहिलं पान वाचलं. शेवटच्या शब्दावर डोळे पोचले, आणि पान उलटलं. एका क्षणाचाही उशीर नाही.

आर्वीनं बोट लावून पान मागे घेतलं.

मग वरच्या ओळीपासून ते पान पुन्हा वाचायला लागली. सावकाश, ओठ हलवत, एकेक शब्द चाचपत. जोडाक्षर आलं की थांबायची, पाहिजे तेवढं थांबायची. ते पान झाल्यावर तिनं दुसरंही तसंच वाचलं, आधी आपलं, मग दुसऱ्यांदा. मी मागे उभी होते. हे ती कुणासाठी करते आहे ते विचारायची गरज नव्हती.

चौथ्या की पाचव्या पानावर पडद्याच्या कोपऱ्यात दिवा लागला. सांगातीच्या हिशेबी ही झरझर वाचणारी मुलगी होती, आणि ती एकाएकी शब्दाशब्दाला अडायला लागली होती. वादळाचं पुस्तक बाजूला सरकलं आणि गोड आवाज आला, “हे पुस्तक अवघड जातंय का? चल, आपण एखादं सोपं घेऊ या.” खाली तीन पुस्तकं येऊन उभी राहिली, मोठाल्या चित्रांची, पानावर दोन-दोन ओळींची.

आर्वीनं वळून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज ठाम होता.

“बाई, त्याला सांगा की. मला सगळं कळलंय म्हणून.”

मी पुढे झाले. पडदा वरपासून खालपर्यंत बघितला, कडा चाचपल्या, मागे हात घालून बघितलं. सांगातीला काही सांगायची सोय कुठेच नव्हती.